अल्पाका शेतीत बसतात, पाहुणे बसत नाहीत : इंग्लंडमधल्या खेड्यातल्या पर्यटनासाठी प्लॅनिंग परमिशन

प्रश्न असा आहे. इंग्लंडमध्ये खेड्याबाहेर ११ एकर कुरण आणि एक जुना बार्न (शेतीचं कोठार) घेतलेलं मराठी जोडपं. जवळ आठ अल्पाका (लोकरीसाठी पाळतात तो उंटाच्या कुळातला प्राणी), सहा बुटक्या शेळ्या आणि दोन पोनी. शनिवार-रविवारी पाहुण्यांना अल्पाकांबरोबर फिरवून आणायचं, मुलांना शेळ्यांना चारा घालू द्यायचा, पोनीवरून चक्कर मारायची, बार्नमध्ये छोटा कॅफे काढायचा, पुढे दोन शेपर्ड्स हट (चाकांवरच्या लाकडी खोल्या) ठेवायच्या आणि जमलं तर स्वतःही तिथेच राहायला जायचं. शेजारचे शेतकरी म्हणतात, "जनावरं शेतीचीच आहेत, कौन्सिलला विचारायचं काय कारण?" तर प्लॅनिंग परमिशन, म्हणजे जमीन कशासाठी वापरायची आणि तिच्यावर काय बांधायचं याची कौन्सिलची (स्थानिक प्रशासनाची) परवानगी, लागते का, आणि लागत असेल तर सुरुवात कुठून करायची?

माझं काम याच प्रकारचे अर्ज तयार करायचं आणि कौन्सिलपुढे मांडायचं आहे. खालचं सगळं फक्त इंग्लंडला लागू आहे. वेल्स आणि स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत.

शेजारी अर्धं बरोबर सांगताहेत. टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्ट, १९९० च्या कलम ५५ नुसार जमीन शेतीसाठी वापरणं हे 'डेव्हलपमेंट' (परवानगी लागणारा बदल) धरलंच जात नाही. कलम ३३६ मध्ये शेतीची जी व्याख्या आहे, तिच्यात अन्न, लोकर, कातडी किंवा फर यांसाठी पाळलेली जनावरं येतात. लोकरीसाठी पाळलेले अल्पाका तिच्यात आरामात बसतात. त्यामुळे अल्पाका पाळायला, त्यांची पैदास करायला, कुरणात सोडायला परवानगी लागत नाही. पण तुमच्या गेटमधून दर शनिवारी पैसे भरून तीस माणसं आत येऊ लागली की त्या जमिनीवर शेतीबरोबर करमणुकीचा व्यवसायही सुरू होतो. तो पुरेसा मोठा झाला की कायद्याच्या भाषेत 'मटेरियल चेंज ऑफ यूज' (वापरातला लक्षणीय बदल) होतो आणि त्याला परवानगी लागते. कौन्सिल जनावरं मोजत नाही. ती माणसं, गाड्या, तास आणि आवाज मोजते. तुमचा अख्खा अर्ज याच चार गोष्टींभोवती लिहायचा आहे. मी पाहिलेले बरेच फसलेले अर्ज अल्पाकांच्या कौतुकानं भरलेले होते आणि त्यांत गाड्यांचा आकडा कुठेही नव्हता.

'पुरेसा मोठा' म्हणजे किती, हे कायदा सांगत नाही. प्रत्येक प्रकरणात वस्तुस्थिती आणि प्रमाण पाहून ठरतं. महिन्यातून एकदा ओळखीचं एखादं कुटुंब आलं तर कोणी विचारणार नाही. वेबसाइट, ऑनलाइन बुकिंग, रस्त्यावर पाटी आणि दर शनिवार-रविवारी तीन खेपा असतील, तर 'हे शेतीचंच अंग आहे' असं म्हणून भागणार नाही.

पोनींचं प्रकरण निराळं आहे. नुसते गवतावर चरत असतील तर ती चराई, म्हणजे शेतीच. १९८१ च्या साइक्स खटल्यापासून कसोटी अशी आहे की त्या जमिनीचा मुख्य उपयोग चराई आहे, की घोडे 'ठेवणं' आहे. गवतापेक्षा बाहेरून आणलेल्या खाद्यावर जास्त भिस्त, वावरात मांडलेले उडीचे अडथळे, रोजची रपेट, हे दिसलं की अधिकारी त्याला घोड्यांसाठीचा वापर म्हणतात. पैसे घेऊन मुलांना पोनीवर बसवणार असाल, तर शेतीचा मुद्दा काढूच नका. पोनीही अर्जात सरळ घाला.

आता २८ दिवसांच्या सवलतीबद्दल. बहुतेकांनी ती ऐकलेली असते आणि अर्धवट ऐकलेली असते. पूर्ण अर्ज न करता काय-काय करता येतं ते सांगणाऱ्या २०१५ च्या जनरल परमिटेड डेव्हलपमेंट ऑर्डरमध्ये भाग ४, वर्ग बी आहे. मोकळी जमीन एका कॅलेंडर वर्षात २८ दिवसांपर्यंत जवळजवळ कोणत्याही तात्पुरत्या कामासाठी वापरता येते, आणि त्यासाठी हलवता येतील अशी मांडणी करता येते. बाजार किंवा मोटार शर्यत असेल तर त्यातले १४ दिवसच मिळतात. यात तीन अटी लोक विसरतात. इमारत आणि तिच्या लगतचं आवार यात येत नाही, म्हणून बार्नच्या अंगणात शेळ्यांचा कार्यक्रम ठेवून '२८ दिवस' म्हणता येणार नाही. मांडव घालायचे आणि काढायचे दिवसही त्यात मोजले जातात. आणि 'चार वावरं आहेत, म्हणून ११२ दिवस' हा हिशेब चालत नाही. एका मालकाची, एकत्र वापरात असलेली जमीन साधारणपणे एकच प्लॅनिंग युनिट धरली जाते.

तरीही पहिल्या वर्षी हा रस्ता घ्यावा असं माझं मत आहे. मात्र वही ठेवून. कोणत्या दिवशी किती खेपा, किती माणसं, किती गाड्या, कोणाची तक्रार आली का, हे त्या-त्या दिवशी लिहून ठेवा. वर्षअखेर हीच वही अर्जाला जोडता येते. 'आमच्यामुळे रहदारी वाढणार नाही' हे वाक्य कोणीही लिहितं. 'मागच्या हंगामातल्या २६ दिवसांत एका वेळी पाचपेक्षा जास्त गाड्या आल्या नाहीत' असं लिहिलेलं असेल तर हायवे (रस्ते विभागाचा) अधिकारी दोनदा वाचतो. इथेच कायमची पाटी, मुरमाचं पार्किंग आणि विजेची लाइन घालून बसलात, तर मात्र तुमचा तात्पुरता वापर तात्पुरता वाटणार नाही.

तुमच्या ११ एकरांचाही एक तोटा आहे. ११ एकर म्हणजे साधारण साडेचार हेक्टर. शेतीच्या नव्या इमारती पूर्ण परवानगीशिवाय, फक्त कौन्सिलला पूर्वसूचना देऊन उभारायची मोठी सवलत त्याच ऑर्डरच्या भाग ६, वर्ग ए मध्ये आहे. ती पाच हेक्टर किंवा त्याहून मोठ्या शेतीला मिळते. तुम्ही अर्ध्या हेक्टरनं चुकलात. लहान शेतीसाठी याच भागात वर्ग बी आहे, पण त्यात मुख्यतः असलेल्या इमारतीत वाढ किंवा फेरफार करता येतो. आणि इमारत शेतीच्या धंद्याला खरंच गरजेची असावी लागते. 'शेतीचं शेड' म्हणून बांधून महिनाभरात त्यात पाहुण्यांची बाकं मांडणं, याला कौन्सिल हसत नाही.

बार्नमधल्या कॅफेसाठी भाग ३, वर्ग आर पाहा. शेतीच्या इमारतीचा दुकान, कॅफे, कार्यालय अशा व्यापारी उपयोगासाठी वापर बदलायला यात परवानगीच्या अर्जाची गरज पडत नाही. मे २०२४ मध्ये त्याची मर्यादा ५०० वरून १,००० चौरस मीटर झाली. १५० चौरस मीटरपर्यंत कौन्सिलला फक्त माहिती कळवायची, त्यावर असेल तर रहदारी, आवाज, दूषित जमीन आणि पूर या मुद्द्यांवर प्रायर अप्रूव्हल (पूर्वमंजुरी) घ्यायचं. मेख अशी की बार्न ३ जुलै २०१२ रोजी शेतीच्या वापरात असायला हवा, किंवा त्यानंतर वापरात आला असेल तर दहा वर्षं झालेली हवीत. आधीच्या मालकानं तिथे स्वतःच्या हौसेचे घोडे बांधले असतील तर गाडी तिथेच अडते. खरेदीच्या वेळचे कागद, जुने हवाई फोटो, आधीच्या मालकाचं लेखी निवेदन, हे आत्ताच गोळा करा. शिवाय वर्ग आर फक्त वापर बदलू देतो. नव्या खिडक्या, दार रुंद करणं, बाहेरचं पार्किंग यांना वेगळी परवानगी लागते. त्यामुळे तुमच्यासारख्यांना मी सहसा सांगतो की कॅफे, पार्किंग आणि अल्पाकांच्या फेऱ्या मिळून एकच पूर्ण अर्ज करा. तुकड्यातुकड्यांनी गेलात की प्रत्येक तुकड्यावर तोच अधिकारी 'आणखी काय येणार आहे?' असा संशय घेतो.

पूर्ण अर्जात पहिली अडचण लाल रेषेची येते. नकाशावर अर्जाची जमीन लाल रेषेनं आखायची, मालकीची बाकी जमीन निळ्या रेषेनं. उत्साहात लोक अकराच्या अकरा एकर लाल करून टाकतात. एक हेक्टर किंवा जास्त क्षेत्राचा अर्ज 'मेजर' गटात जातो. निर्णयाची मुदत आठ आठवड्यांवरून तेरा आठवड्यांवर जाते, कागदपत्रांची यादी वाढते आणि फीचा हिशेबही बिघडू शकतो. पाहुणे खरोखर जिथे पाय ठेवणार तेवढीच जमीन लाल करा : गेट, पार्किंग, बार्न, एक लहान पॅडक (कुंपण घातलेलं कुरण) आणि चालण्याची ठरलेली पट्टी. उरलेल्या कुरणात अल्पाका चरतील, ती शेतीच आहे, तिला हात लावायची गरज नाही. मात्र लाल रेषेबाहेर पाहुण्यांना नेणार असाल तर ही कंजुषी पुढे अंगावर येईल. म्हणून आधी वाट आखा, मग रेषा. आणि ती वाट सार्वजनिक फुटपाथवरून न्यायचा विचार असेल, तर पायी जायच्या हक्कात दोरीला बांधलेले अल्पाका येतात असं गृहीत धरू नका. ती जमीन दुसऱ्याची असेल तर त्याची लेखी संमती घ्या.

माझ्या अनुभवात असे अर्ज सगळ्यात जास्त अडतात ते गेटपाशी. खेड्यातल्या अरुंद लेनवर वेगमर्यादा बहुतेक वेळा ताशी ६० मैलांची असते, जरी तिथे कोणी ४० नेही चालवत नसलं तरी. ६० मैलांना हायवे अधिकारी प्रमाणित अंतर मागतात : गेटच्या तोंडाशी रस्त्याच्या कडेपासून २.४ मीटर आत उभं राहिलं तर दोन्ही बाजूंना २१५ मीटर रस्ता दिसायला हवा. वळणदार लेनवर हे जवळजवळ अशक्य. ३० मैलांना हाच आकडा ४३ मीटर होतो. म्हणून पाटीवरच्या वेगावर वाद घालू नका. रस्त्यावर आठवडाभर रबरी नळ्यांचं मोजणी यंत्र लावून घ्या आणि प्रत्यक्ष वेग सिद्ध करा. १०० पैकी ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत जातात तो वेग धरतात. या मोजणीला पैसे लागतात, पण अर्जावरचा इतका उपयोगी खर्च दुसरा नाही.

दिसण्याचं अंतर मोकळं करायला हेज (कुंपणाची झुडपं) कापावी लागली की दुसरं लफडं सुरू होतं. हेज शेजाऱ्याची असेल तर ती तुमच्या हातात नाही, आणि कौन्सिल 'शेजारी बहुधा कापू देतील' हे मानत नाही. तुमची स्वतःची असेल तर जैवविविधतेचा नियम येतो. २०२४ पासून, मोठ्या अर्जांना फेब्रुवारीत आणि लहानांना एप्रिलमध्ये, निसर्गमूल्यात किमान १० टक्के भर दाखवणं सक्तीचं झालं. यातून सुटकेचा एक मार्ग म्हणजे २५ चौरस मीटरपेक्षा कमी अधिवास आणि पाच मीटरपेक्षा कमी हेज बाधित होणं. बारा गाड्यांचं पार्किंग गवतावर केलं की तुम्ही त्यापलीकडे गेलात. 'आधी हेज उपटून टाकू, मग अर्ज करू' असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. ३० जानेवारी २०२० नंतर मुद्दाम केलेलं नुकसान मोजताना आधीची स्थितीच धरतात, आणि खेड्यातली हेज काढायला १९९७ चे हेजरोज रेग्युलेशन्स वेगळे आहेतच. घरटी घालायच्या काळात, म्हणजे साधारण मार्च ते ऑगस्ट, हेजला हातच लावू नये.

गाड्यांचा हिशेब असा मांडा. दिवसाला तीन खेपा, प्रत्येकी दहा माणसं, म्हणजे खेपेला सुमारे चार गाड्या. दिवसाच्या बारा गाड्या, येणं आणि जाणं धरून चोवीस फेऱ्या. दोन खेपांमध्ये अर्धा तास मोकळा ठेवला तर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या लेनमध्ये समोरासमोर येत नाहीत. 'फक्त आगाऊ बुकिंग, आयत्या वेळी प्रवेश नाही' ही अट स्वतःहून द्या. अधिकाऱ्याला परवानगीसोबत घालण्याजोगी अट हवी असते, आणि ती त्यानं आपल्या मनानं लिहिण्यापेक्षा तुम्ही लिहून दिलेली परवडते. त्याच्या अटी वाचतानाही सावध राहा. 'फक्त अर्जदारांपुरती' परवानगी असेल तर धंदा विकता येत नाही. 'तीन वर्षांपुरती' असेल तर बँक कर्जाला नाक मुरडते.

धोरण तुमच्या बाजूनं आहे, हे सांगायला हवं. राष्ट्रीय नियोजन धोरणात शेतीला जोडधंद्याची आणि परिसराचा मान राखणाऱ्या ग्रामीण पर्यटनाची बाजू स्पष्ट घेतली आहे, आणि अशा जागा गावाबाहेर, बसच्या मार्गापासून दूर असू शकतात हेही मान्य केलं आहे. जमीन ग्रीन बेल्टमध्ये (शहरांभोवती मोकळ्या राखलेल्या पट्ट्यात) असली तरी मोकळ्या जागेतल्या करमणुकीसाठीचा वापर, मोकळेपणा टिकत असेल तर, आपोआप अयोग्य ठरत नाही. पण नेमक्या तुमच्या जिल्ह्याच्या लोकल प्लॅनमध्ये (स्थानिक विकास आराखड्यात) काय लिहिलंय ते आधी वाचा. निर्णय त्यावर होतो.

परवान्यांची खिडकी वेगळी. प्लॅनिंग मिळालं म्हणजे परवाना मिळाला असं नाही, आणि उलटंही. १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू असलेल्या ॲनिमल वेल्फेअर रेग्युलेशन्सखाली घोडे भाड्यानं देणं आणि जनावरं प्रदर्शनासाठी ठेवणं, दोन्हींना कौन्सिलच्या परवाना विभागाचा परवाना लागतो. तुमच्या पोनींना पहिला लागणार. अल्पाका आणि शेळ्यांना दुसरा लागतो का, हे त्या विभागाकडून लेखी घ्या. कोणी 'एक-दोन मीरकॅट ठेवा, मुलं खूश होतील' असं म्हणेल. तेवढ्यानं तुम्ही १९८१ च्या झू लायसेन्सिंग ॲक्टमध्ये जाऊन पडाल, कारण पाळीव नसलेला प्राणी वर्षात सातपेक्षा जास्त दिवस लोकांना दाखवला की ते प्राणिसंग्रहालय. कोंबड्या ठेवणार असाल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून एक कोंबडी असली तरी नोंदणी सक्तीची आहे.

हात धुण्याची जागा नकाशावर दाखवा. हे बारीक वाटेल. २००९ मध्ये सरेतल्या गॉडस्टोन फार्मवर ई. कोलाय ओ१५७ चा उद्रेक झाला, ९३ जण आजारी पडले आणि त्यांत बहुसंख्य लहान मुलं होती. त्यानंतर पर्यावरण आरोग्य अधिकारी या मुद्द्यावर ऐकून घेत नाहीत. शेळ्यांच्या पॅडकमधून बाहेर पडायच्या वाटेवर कोमट वाहतं पाणी आणि साबण हवा. हँड जेल या जंतूवर भरवशाचं नाही. कॅफेकडे जाणारी वाट त्या नळांवरूनच गेली पाहिजे. पाण्याचा निचरा कुठे जाणार, शेणखताचा ढीग नाल्यापासून किती लांब, सेप्टिक टँक कोणता, हेही त्याच नकाशावर. तुमचा भाग न्यूट्रिअंट न्यूट्रॅलिटीच्या (सांडपाण्यातून नद्यांत जाणारं नत्र-स्फुरद वाढू न देण्याच्या नियमाच्या) पाणलोटात येतो का ते हट्सचा विचार करण्याआधी तपासा. रात्रीच्या मुक्कामाला तो नियम थेट लागतो आणि अर्ज महिनोन्‌महिने अडकू शकतो.

चाकांवरची शेपर्ड्स हट कायद्यानं बहुधा कॅरॅव्हॅन (फिरतं घर) ठरते. जुलै २०२३ पासून ६० दिवसांच्या कॅम्पसाइटची जी नवी सवलत आली, वर्ग बीसी, ती तंबू आणि कॅम्परव्हॅनसाठी आहे, ५० जागांपर्यंत, आणि दरवर्षी कौन्सिलला आधी कळवून. हट तिच्यात बसत नाही. हट्सना परवानगी लागेल आणि पुढे १९६० च्या कॅरॅव्हॅनविषयक कायद्याखाली साइट लायसेन्सही. पहिल्या अर्जात हट्स घालू नका. दिवसाचा धंदा एक-दोन हंगाम नीट चालला, तक्रारी नाहीत, मग हट्स मागा. हे 'एकच अर्ज करा' या माझ्याच सल्ल्याच्या विरुद्ध वाटेल. पण रात्रीचा मुक्काम हा वेगळाच प्रश्न आहे आणि तो दिवसाच्या अर्जाला बुडवू शकतो.

राहायचं घर हा सगळ्यात कठीण भाग. मोकळ्या रानात नवं घर मिळतं ते मुख्यतः 'तिथे कामगारानं कायम राहणं अत्यावश्यक' असेल तर. अल्पाकांवर हा दावा करणारे अनेक जण आहेत आणि त्यांना मिळणारं उत्तर ठरलेलं : अल्पाका दिवसाउजेडी, बहुतेक दुपारच्या आसपासपर्यंत वितात, मग रात्री तिथे कोण कशाला हवं? आठ जनावरांवर हे घर मिळणार नाही. कळप बराच वाढला, हिशेबात नफा दिसला, तर आधी तीन वर्षांसाठी मोबाइल होम (हलवता येणारं घर) मागता येतं. आज बार्नमध्ये गुपचूप गादी टाकून राहायला लागू नका.

कारण न विचारता केलेलं आता लवकर जुनं होत नाही. २५ एप्रिल २०२४ पासून कारवाईची मुदत सगळ्याच उल्लंघनांना दहा वर्षं झाली आहे. त्याआधी बांधकामाला आणि घर म्हणून वापराला चारच होती. उल्लंघन हा स्वतः गुन्हा नाही, पण एन्फोर्समेंट नोटीस (उल्लंघन थांबवायचा कौन्सिलचा आदेश) धुडकावणं गुन्हा आहे. आणि पुरावा शोधायला कोणाला झुडपात लपावं लागत नाही. तुमच्याच इन्स्टाग्रामवरच्या तारखा पुरतात.

क्रम असा ठेवा. आधी कौन्सिलकडून पैसे भरून प्री-ॲप (अर्जापूर्वीचा) सल्ला घ्या, लेखी. मग पॅरिश कौन्सिलच्या (तिथल्या ग्रामपंचायतीच्या) सभेला जा, अर्ज टाकण्याआधी. त्या बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदाच भरतात आणि अर्ज आल्यावर हरकतींना २१ दिवसच मिळतात, त्यामुळे आयत्या वेळी गाठ पडत नाही. शेजाऱ्यांना नकाशा दाखवा. 'आमच्या घराची किंमत पडेल' ही हरकत प्लॅनिंगमध्ये धरत नाहीत. 'लेनमध्ये समोरून गाडी आली तर मागे कुठे घ्यायची' ही धरतात, तेव्हा उत्तर तयार ठेवा. अधिकारी नकाराकडे झुकताहेत असं कळलं तर सुधारित नकाशा द्यायला मुदतवाढ मागा. अर्ज मागे घेऊन फुकट पुन्हा टाकायची सोय डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली. नकार आलाच तर प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे (अपिलं ऐकणाऱ्या सरकारी संस्थेकडे) अपिलाला सहा महिने असतात आणि त्याची फी नाही.